सोळाव्या शतकातली स्कॉटिश सरदारघराण्यातली स्त्री जमिनीच्या कागदांत कशी शोधायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोळाव्या शतकातल्या एका स्कॉटिश सरदारघराण्यातल्या स्त्रीवर तुम्ही लिहीत आहात. तिचं एकही पत्र उरलेलं नाही, चित्र नाही, जन्ममृत्यूची नोंद नाही. हाती आहेत त्या जमिनीच्या चार सनदा, त्याही लॅटिनमधल्या आणि छापील सारांशाच्या रूपात. एवढ्यावरून तिचं आयुष्य उभं करता येईल का, आणि पहिल्या सनदेची तारीख हीच लग्नाची तारीख धरावी का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: धरू नका. पहिल्याचं उत्तर, हो, येतं. पण त्यासाठी शोधाची दिशा बदलावी लागेल. तुम्ही त्या कागदांत तिचं नाव शोधताय. ते कागद तिच्याबद्दल नाहीत, जमिनीबद्दल आहेत.

आपल्याकडच्या माणसाला हे चटकन कळेल असं सांगतो. हे दस्त सातबाऱ्यासारखे नाहीत, फेरफारासारखे आहेत. दरवर्षी कोणाच्या नावे काय आहे हे ते सांगत नाहीत. हक्क बदलला की तेवढ्यापुरते बोलतात आणि पुन्हा गप्प होतात. म्हणजे एखादी स्त्री वीस वर्षं कागदावर दिसली नाही तर ती गेली किंवा गाव सोडून गेली असं नव्हे. तिच्या जमिनीचं काही हललं नाही, इतकाच त्याचा अर्थ. जन्माच्या नोंदीची आशा सोडूनच द्या. स्कॉटलंडमधलं सगळ्यांत जुनं उपलब्ध पॅरिश रजिस्टर (चर्चने ठेवलेली स्थानिक नोंदवही) पर्थशरमधल्या एरल गावचं आहे आणि ते १५५३ मध्ये सुरू होतं. तुमची स्त्री त्याआधी जन्मलेली असणार.

म्हणून प्रत्येक कागद हातात घेतला की मी पहिल्यांदा एकच गोष्ट पाहतो: ही जमीन तिच्याकडे कोणत्या हक्काने आली? हक्काचा प्रकार कळला की ती आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर होती ते बहुतेक वेळा कळतं.

ती स्वतः वारस असेल तर कागद लवकर सुरू होतात. राजाकडून लष्करी सेवेच्या अटीवर धरलेल्या जमिनीचा मालक वारस अज्ञान (अल्पवयीन) असताना मेला, की जमीन आणि त्या वारसाचं लग्न ठरवण्याचा हक्क दोन्ही राजाकडे जात. राजा ते दुसऱ्याला देई किंवा विकत असे. मुलगा एकविसाव्या वर्षी या पालकत्वातून सुटे, मुलगी चौदाव्या. त्यामुळे वारस म्हणून तिने जमीन ताब्यात घेतल्याची तारीख मिळाली तर जन्मवर्षाची एक मर्यादा हाती येते. कॉडरची वारस म्युरिएल हे याचं प्रसिद्ध उदाहरण. १५१० मध्ये अर्गाइलच्या अर्लच्या (अर्ल म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार) मुलाशी, सर जॉन कॅम्पबेलशी तिचं लग्न झालं आणि कॉडरची जहागीर कॅम्पबेल घराण्यात गेली. भाऊ नसलेल्या अनेक बहिणी असतील तर जमीन सारखी वाटली जाई, मुख्य वाडा मात्र थोरलीला. एकाच तारखेला तीन स्त्रियांच्या नावे तिसरा-तिसरा हिस्सा दिसला तर त्या बहिणी किंवा बहिणींच्या लेकी आहेत का ते आधी तपासा.

दुसरा प्रकार सगळ्यांत जास्त भेटतो: नवरा-बायकोला संयुक्त दिलेली जमीन. दोघांपैकी जो मागे राहील त्याच्याकडे, आणि नंतर दोघांच्या संततीकडे. तुमची तारखेची शंका इथलीच आहे. ही सनद लग्नाच्या करारातून निघते खरी, पण ती लग्नाआधी निघालेली असू शकते, त्याच आठवड्यात किंवा पंधरा वर्षांनीही. सनदेत ‘भावी पत्नी’ म्हटलंय की ‘पत्नी’, हे मुळातून पाहा. काही दस्तांत जमीन तिला ‘कौमार्यात’ दिली असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तो दस्त लग्नापूर्वीचा. उलट, तिने आधीच्या अमुक जमिनीवरचा हक्क सोडला म्हणून ही नवी जमीन दिली असा मजकूर असेल, तर लग्न बरंच जुनं आहे आणि त्या पहिल्या जमिनीचा आणखी एक कागद कुठे तरी शोधायचा आहे. असं एक वाक्य मिळालं की मला दहा वर्षं मागे जाण्याची वाट मिळते.

तिसरा प्रकार टर्स. वेगळी तरतूद नसेल तर नवऱ्याच्या मृत्यूवेळी त्याच्या नावे असलेल्या जमिनीच्या तिसऱ्या भागावर विधवेला हयातीपुरता हक्क मिळे. अट एकच, लग्न एक वर्ष आणि एक दिवस टिकलेलं असावं किंवा त्यातून जिवंत मूल जन्मलेलं असावं. ही वाटणी करण्याची पद्धत मला फार आवडते. शेरीफ, म्हणजे काउंटीतला राजाचा न्यायाधिकारी, स्थानिक लोकांची पंचायत बसवी, सुरुवात सूर्याकडून करायची की सावलीकडून, म्हणजे पूर्वेकडून की पश्चिमेकडून, याची चिठ्ठी टाकी आणि मग क्रमाने प्रत्येक तिसरा एकर विधवेच्या वाट्याला लावी. अशी नोंद सापडली तर ती विधवा झाल्याचा आणि कोणत्या शिवारात तिचं उत्पन्न होतं याचा, दोन्हीचा पुरावा एका कागदावर मिळतो. सासूही विधवा आणि जिवंत असेल तर सुनेला उरलेल्या दोन तृतीयांशाचा तिसरा हिस्सा मिळे. म्हणून तिचा वाटा अपेक्षेपेक्षा कमी दिसला तर घरात दुसरी म्हातारी विधवा आहे का, ते पाहा. सोळाव्या शतकात हे नेहमीचं होतं. ९ सप्टेंबर १५१३ ला फ्लॉडनच्या लढाईत आणि १० सप्टेंबर १५४७ ला पिंकीच्या लढाईत, दोन्ही इंग्लंडविरुद्धच्या, सरदारघराण्यांतले पुरुष मोठ्या संख्येने मेले. फ्लॉडनबाबत एक खास गोष्ट लक्षात ठेवा: लढाईआधी ट्वायझलहॉ इथे असा कायदा झाला की या मोहिमेत मरणाऱ्यांच्या वारसांना पालकत्व आणि लग्न यांबद्दल राजाला काही द्यावं लागणार नाही. त्यामुळे एरवी जो पालकत्वाचा कागद नवऱ्याच्या मृत्यूची बातमी देतो, तो तिथे न मिळण्याचीच शक्यता जास्त.

चौथा प्रकार म्हणजे नुसता हयातीचा हक्क, लाइफरेंट. मालकी मुलाकडे, पण आई जिवंत असेपर्यंत उपभोग तिचा. याच प्रकाराबद्दल मला सविस्तर सांगायचंय, कारण माझ्या मते जमिनीच्या कागदांतून उभं राहिलेलं उत्तम चरित्र याच हक्कावर उभं आहे. ते चरित्र मॅरियन ओगिल्वीचं.

मॅरियन ही एअर्लीच्या पहिल्या लॉर्ड ओगिल्वीची मुलगी. ती डेव्हिड बीटनबरोबर राहिली. तो १५२४ मध्ये आर्ब्रोथ मठाचा प्रमुख झाला, १५३८ मध्ये कार्डिनल आणि पुढच्या वर्षी सेंट अँड्र्यूजचा आर्चबिशप. त्यांना आठ मुलं झाली. धर्मगुरूला लग्न करता येत नव्हतं, त्यामुळे कायद्याने ती त्याची पत्नी कधीच नव्हती. २९ मे १५४६ ला सेंट अँड्र्यूजच्या किल्ल्यात बीटनचा खून झाला. प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन नॉक्सने लिहून ठेवलंय की त्या सकाळी मॅरियन मागच्या दारातून बाहेर पडताना दिसली. नॉक्स बीटनचा कट्टर विरोधक होता, आणि शतकानुशतकं बहुतेकांना मॅरियन माहीत राहिली ती अशा विरोधकांच्या शब्दांतून.

जमिनीचे कागद दुसरीच बाई दाखवतात, आणि ते का दाखवतात ते समजून घ्या. लग्नच नव्हतं, म्हणून तिला टर्स मिळणार नव्हता. संयुक्त सनदेचाही प्रश्न नव्हता. एखाद्या काउंटेसला, म्हणजे अर्लच्या बायकोला, जे प्रथेने आपोआप मिळे, ते मॅरियनला द्यायचं तर प्रत्येक वेळी स्पष्ट कागद करावा लागे: मठाच्या जमिनीचा पट्टा, हयातीचा हक्क, सनद. शिवाय ती कोणाची पत्नी नसल्यामुळे नवऱ्याच्या सहीशिवाय, स्वतःच्या नावाने व्यवहार करू शकत होती. सोळाव्या शतकातली विवाहित स्त्री कागदावर नवऱ्याच्या मागे उभी असते. मॅरियन पुढे उभी आहे. समाजाने जिला कमी लेखलं तिचाच कागदी माग अनेक प्रतिष्ठित बायकांपेक्षा स्वच्छ आहे, आणि तो तसा असण्याचं कारण तिचा कमकुवत कायदेशीर दर्जा हेच आहे.

आर्ब्रोथजवळच्या ईथीच्या परिसरात ती मठाच्या जमिनींवर दिसते. मग १५४० च्या दशकाच्या सुरुवातीला अँगसमधली मेलगंडची जहागीर येते: हयातीचा हक्क मॅरियनला, मालकी त्यांचा थोरला मुलगा डेव्हिड याला. तिथे बांधलेल्या वाड्यावर बीटन आणि ओगिल्वी या दोन्ही घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत. एप्रिल १५४६ मध्ये त्यांची मुलगी मार्गारेट हिचं लग्न फिनेव्हनला क्रॉफर्डच्या अर्लच्या वारसाशी झालं, हुंडा ४,००० मर्क. एक मर्क म्हणजे स्कॉटिश पौंडाचा दोन तृतीयांश. पुढच्याच महिन्यात बीटन मारला गेला. तोंडी आश्वासनावर राहणारी स्त्री त्या उन्हाळ्यात बेघर झाली असती. मॅरियन झाली नाही. पुढे तिने विल्यम डग्लस नावाच्या माणसाशी लग्न केलं, लवकरच विधवा झाली, आणि १५७५ मध्ये मरेपर्यंत मेलगंडची बाई म्हणून राहिली. खुनानंतरची जवळजवळ तीस वर्षं! मधे स्कॉटलंड कॅथलिकचा प्रोटेस्टंट झाला, राणी मेरी आली आणि पदच्युत झाली, तरी तो हयातीचा हक्क टिकला.

तुमच्या चार सनदांकडे या नजरेने पाहा. प्रत्येकीत हक्काचा प्रकार कोणता, जमीन कोणाकडून धरलेली आहे आणि तिच्यानंतर ती कोणाकडे जायची, या तीन गोष्टी वेगळ्या कागदावर लिहून काढा.

‘कोणाकडून धरलेली’ यावर तुमचा बहुतेक शोध अवलंबून आहे. थेट राजाकडून धरलेल्या जमिनीच्या सनदा ग्रेट सीलच्या, म्हणजे राजाच्या मोठ्या मुद्रेच्या, नोंदवहीत येतात. तिचे छापील खंड १३०६ ते १६६८ पर्यंतचे आहेत. जमीन एखाद्या अर्लकडून किंवा मठाकडून धरलेली असेल तर तिथे सहसा काहीच मिळणार नाही, आणि ती गैरहजेरी काहीही सिद्ध करत नाही. तेव्हा त्या अर्लच्या घराण्याचे कागद किंवा मठाची खतावणी बघावी लागते. इथे एक व्यवहाराची गोष्ट. जमिनीचे जुने दस्त जमिनीबरोबर हस्तांतरित होत. तुमच्या स्त्रीच्या टर्सचा कागद तिच्या माहेरच्या किंवा सासरच्या संग्रहात नसून, ज्यांनी शंभर वर्षांनी ती जमीन विकत घेतली त्या पूर्ण परक्या घराण्याच्या पेटाऱ्यात असू शकतो. म्हणून मी आधी जमिनीची पुढची मालकी आजपर्यंत खाली आणतो आणि मगच कोणता संग्रह उघडायचा ते ठरवतो.

सनद मिळाली म्हणजे ताबा मिळाला असं नाही. ताब्याचा विधी वेगळा, त्याला सेझिन म्हणतात. त्या जमिनीवर उभं राहून मूठभर माती आणि दगड हातात द्यायचे. मासेमारीचा हक्क असेल तर जाळं आणि होडी. नोटरी हे सगळं साक्षीदारांसह लिहून घेई. सेझिनची कायमची सरकारी नोंदवही १६१७ मध्ये सुरू झाली, त्यामुळे सोळाव्या शतकासाठी नोटरींच्या स्वतःच्या वह्या धुंडाळाव्या लागतात. सगळ्या उरलेल्या नाहीत. तुमच्या भागातल्या नोटरीची वही उरली असेल तर तिचं पान न पान वाचा. ती स्वतः हजर होती की मुखत्यार पाठवला होता हे नोटरी लिहितो, म्हणजे एका विशिष्ट दिवशी ती कुठे उभी होती हे कळतं. याच वह्यांत आणखी एक नोंद भेटते. नवरा तिच्या हक्काची जमीन विकत असेल तर तिला नवऱ्याच्या गैरहजेरीत, शपथेवर, आपण दबावाखाली संमती देत नाही असं सांगावं लागे. ठरावीक साच्याचीच वाक्यं आहेत ती. तरी त्या क्षणी ती नवऱ्याशिवाय एका अधिकाऱ्यासमोर उभी होती, आणि तेवढं तुम्ही खात्रीने लिहू शकता. तिच्या मनात काय होतं ते मात्र लिहू नका.

मृत्यूची तारीख क्वचितच थेट मिळते. ती दोन बाजूंनी आवळत आणावी लागते. मुलाला दिलेल्या सनदेत ‘आईचा हयातीचा हक्क राखून’ असं असेल तर त्या दिवशी ती जिवंत होती, निदान तसं धरलेलं होतं. पुढच्या सनदेतून ते शब्द गळाले तर मधल्या काळात ती गेली असावी किंवा तिने हक्क सोडला असावा. दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवा. ती वारस म्हणून जमीनधारक असेल तर रिटूर बघा, म्हणजे तिच्या वारसाची चौकशी करून पंचांनी पाठवलेला अहवाल. त्यात जमीन सध्या कोणाच्या हाती आणि किती काळापासून आहे हे सांगावं लागे, आणि त्यावरून मागे मोजत मृत्यूचा महिना गाठता येतो. अडचण अशी की १८११ ते १८१६ मध्ये छापलेल्या सारांशांत नेमका हाच भाग बहुतेक ठिकाणी गाळलाय. छापील पान ही फक्त खूण समजा आणि मूळ मागवा. मोठ्या घराण्यातली स्त्री असेल तर एडिंबरोच्या कमिसरी कोर्टातल्या (मृत्युपत्रांचं काम पाहणारं न्यायालय) मृत्युपत्रांच्या नोंदी जरूर पाहा. जमिनीचा वारसा त्यात येत नाही, पण धान्य, गुरं, येणी-देणी येतात, आणि बहुतेक वेळा मृत्यूचा महिनाही.

छापील ग्रेट सील खंडांबद्दल हीच सावधगिरी. ते सारांश आहेत. आणि राजाच्या सनदेवरचे साक्षीदार हे दरबारचे ठरलेले अधिकारी. ते त्या दिवशी तिथे होते असं मानू नका. खाजगी सनदेवरचे साक्षीदार वेगळे. ते शेजारी, नातलग, नोकर, गावचा पाद्री असतात. तिच्या चार खाजगी दस्तांवर एकच माणूस पुन्हा पुन्हा दिसत असेल तर तो तिच्या घरातला आहे, त्याचा माग काढा.

तारखांचा घोटाळा सगळ्यांना नडतो. स्कॉटलंडमध्ये १६०० पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलायचं. मरे या प्रांताच्या अर्लशी ॲग्नेस कीथचं लग्न आजच्या गणनेने फेब्रुवारी १५६२ मध्ये झालं, पण त्या काळच्या कागदावर ते १५६१ असणार. राज्यवर्ष, म्हणजे राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष, दिलेलं असेल तर पडताळून घ्या: जेम्स पाचव्याचं ९ सप्टेंबर १५१३ पासून, मेरीचं १४ डिसेंबर १५४२ पासून, जेम्स सहाव्याचं २४ जुलै १५६७ पासून.

नावांच्या बाबतीत नशीब तुमच्या बाजूने आहे. स्कॉटिश स्त्री लग्नानंतरही माहेरचं आडनाव ठेवी, त्यामुळे दोन-तीन लग्नं झाली तरी धागा तुटत नाही. पण लॅटिनमध्ये मॅरियनची मारियोता होते आणि गेलिसची इजिडिया, म्हणून सूची बघताना सगळी रूपं शोधा. ‘लेडी’ लावलं म्हणजे लॉर्डची बायको असंही नाही. लहान जमीनदाराच्या बायकोलाही इस्टेटीच्या नावाने लेडी म्हणत. जॅनेट डग्लस मात्र खरीच लॉर्ड ग्लॅमिसची विधवा. दुसरं लग्न अर्गाइलकडच्या कॅम्पबेलशी झालं तरी ती लेडी ग्लॅमिसच राहिली आणि त्याच नावाने १७ जुलै १५३७ ला राजद्रोहाच्या आरोपावरून एडिंबरोत जाळली गेली. ग्लॅमिसच्या जमिनी जप्त झाल्या आणि म्हणून त्या राजाच्या हिशेबांत आल्या. तुमच्या स्त्रीच्या घरावर कधी जप्ती आली असेल तर एक्सचेकरचे, म्हणजे राजाच्या खजिन्याचे, हिशेब जरूर उघडा. घरासाठी तो अनर्थ असतो, पण त्या काळातली तिची शेतं आणि त्यांची वसुली तिथे नावानिशी मिळते.

भारतात बसून किती होईल? बरंच. ग्रेट सील, प्रिव्ही सील, एक्सचेकर आणि रिटूर यांचे जुने छापील खंड आंतरजालावर मोफत वाचता येतात. मृत्युपत्रांच्या प्रती स्कॉटलंड्सपीपल या संकेतस्थळावर पैसे भरून मिळतात. मूळ दस्तांसाठी एडिंबरोतल्या नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडची सूची घरबसल्या बघून ठेवा, म्हणजे प्रती मागवताना नेमका क्रमांक देता येईल. प्रिव्ही सीलच्या, म्हणजे राजाच्या छोट्या मुद्रेच्या, नोंदी बऱ्याचशा लॅटिनऐवजी स्कॉट्स या स्थानिक भाषेत आहेत. इंग्रजी येत असेल तर मोठ्याने वाचल्यावर त्यातलं पुष्कळ कळू लागतं, म्हणून सुरुवात तिथून करा. नवऱ्याच्या मृत्यूनंतर अज्ञान वारसाचं पालकत्व कोणाला दिलं हे तिथेच सापडतं, आणि कधी कधी ते विकत घेणारी ती विधवाच असते.

पुढची मदत हवी असेल तर चारही जमिनींची नावं, काउंटी आणि सनदेतलं हक्काचं मूळ लॅटिन वाक्य इथे लिहा. ती जमीन राजाकडून धरलेली होती की मठाकडून, एवढं कळलं तरी पहिली वही कोणती उघडायची ते मी सांगू शकेन.